लपलेलं वर्ड

दादाला जाऊन सात महिने झाले होते. वहिनीच्या दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर मात्र अजून त्यानंच बसवून दिलेल्या घडीवर चालायचा. एक्सेलच्या यादीतून नावं उचलायची, कोडनं वर्ड उघडायचं आणि पेशंटना तपासणीची पत्रं छापायची. परवापासून ते अडून बसलं. वहिनीनं धाकट्या दिराला बोलावलं. तोही दादासारखाच कॉम्प्युटरच्या धंद्यातला.

“भावजी, चाळीस पत्रं खोळंबलीत. रोजची रड झालीय.”

त्यानं बटण दाबलं. एरर आली. पत्राचा नमुना म्हणे दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलाय. खाली नाव होतं दादाचं.

“त्याचं खातं चालू आहे का अजून?”

“छे हो. कधीच काढून टाकलं.”

त्याच्या अंगावर काटा आला, पण कारण त्याला ठाऊक होतं. कोडनं उघडलेलं वर्ड कधीकधी बंदच होत नाही. खिडकी दिसत नाही, पण मागे लपून फाइल धरून बसतं. त्यानं ते शोधून बंद केलं. ते परत आलं. नेटवर्कची वायर उपटली, मशीन बंद करून पुन्हा लावलं, तरी पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी बंद करायचा नाद सोडून त्यानं लपलेलं वर्ड समोर आणणारी एक ओळ लिहिली.

खिडकी उघडली. आत त्याच्याच नावाचं पत्र होतं. यादीत तर त्याचं नाव नव्हतं. छापील मजकुराखाली एकेक अक्षर उमटत होतं आणि कीबोर्डला कुणाचा हातही नव्हता.

‘जिभेखाली दाखव. टाळाटाळ पुरे, गाढवा.’

गाढवा म्हणणारा जगात एकच होता. आणि जिभेखालचा चट्टा त्यानं बायकोलाही सांगितला नव्हता.

“वहिनी,” तो खुर्चीतून उठला, “जरा माझं तोंड बघता का?”

त्याला खुर्चीत बसवून वहिनीनं आरसा धरला. तिचा हात मध्येच थांबला. तेवढ्यात बाहेर प्रिंटर सुरू झाला, एकामागून एक पत्रं पडू लागली. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“भावजी, हे किती दिवस अंगावर काढलंत?”

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. बोलताना ‘स’ जरा घसरतो, एवढ्यावर निभावलं.

नंतर त्यानं दादाचा कोड ओळीओळीनं तपासला. असं काही लिहिणारी ओळ त्यात नव्हती. वहिनीपाशी तो काही बोलला नाही. बायकोला मात्र एकदा सगळं सांगितलं. ती हसली नाही.