पानी बसू दे

पाम गावातल्या देवळापुढे त्या मंगळवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो हातात काचेची बाटली धरून नाचत होता. बाटलीत दुधासारखं गढूळ तीर्थ, जटाधारी महाराजांनी झाकलेल्या कळशीतून स्वतः ओतलेलं. आरती होईतो देवी तीर्थातून वर उठते, तिची सोनेरी काया पाण्यावर तरंगते आणि दुखणेकरी बरा होतो, असं महाराजांचं सांगणं. मात्र ज्या घरात डॉक्टरची सुई शिरली, त्या घराकडे ती पाठ फिरवते म्हणे. एवढ्या मोठ्या देवीला एवढ्याशा सुईची धास्ती का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

जयवंतीला सुचलं होतं. पण तिच्या खांद्यावर तापानं फणफणलेली चिमी होती, आणि नवरा बळवंत तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर. सकाळी ती लेकीला घेऊन बोईसरच्या दवाखान्यात निघाली, तर सासू नवसीबाई उंबऱ्यात आडवी आली. आधी देवीचा कौल, मग बाकीचं.

आरती संपली. बागाईतदार कृष्णकांतची बाटली महाराजांनी मानानं चौथऱ्यावर ठेवून घेतली होती. तिच्यात वर पिवळा थर चमकत होता. नाचून घामाघूम झालेल्या नवसीबाईच्या बाटलीत गढूळ ते गढूळच.

"माई, तुझ्या सुनेच्या मनात सुई आहे," महाराज गरजले. "पाच मंगळवार नारळ-कोंबडा आण. तोवर पोरीच्या तोंडात औषधाचा थेंब जाता कामा नये."

पाच मंगळवार! जयवंतीच्या अंगाची लाहीलाही झाली. तिनं सासूच्या हातातून बाटली हिसकावली, आणि वास आला गवती चहाचा. माकुणसारला तिचे मामा त्याचे भारे हंड्यात उकळायचे, नळीतून येणारी वाफ थंड करून बाटलीत धरायचे. पोरांनी हात लावला की खेकसायचे, "हलवू नको, पानी बसू दे." आणि हा माणूस तर गावाला बाटल्या घेऊन नाचवत होता.

तिनं सासूची बाटली पायरीवर ठेवली, कृष्णकांतची उचलली आणि गदागदा हलवली. सोन्याचं पुन्हा दूध झालं. महाराजांनी डोळे फुटतील, निर्वंश होईल, असं काय काय ऐकवलं.

"फुटतील तवा फुटतील," जयवंती म्हणाली. "तवर या पायरीवरच्या बाटलीला कोनी हात लावायचा नाय."

महाराजांनी भजन पुकारलं, पण नाचायला कुणी उठेना. सगळ्यांचे डोळे पायरीवर. हळूहळू पिवळे थेंब वर आले, एकमेकांत मिसळले आणि पाण्यावर थर धरला. जयवंतीनं त्यातलं थोडं सासूच्या तळव्यावर ओतलं.

"हुंगा, आई. आपल्या चहातलाच वास हाय का नाय? हे गवताचं तेल. पान्याहून हलकं, म्हनून वर येतं. तुमी नाचलात, म्हनून आलं नाय. उठली ती देवी नाय, बसलं ते पानी."

नवसीबाईनं दोनदा हुंगलं. मग हात लुगड्याला पुसला, नातीला स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि बोईसरची वाट धरली. मागे लोक कळशीवरचं झाकण काढा म्हणत महाराजांभोवती गोळा होत होते.

गवती चहा खुशाल प्यावा, ताप आला की डॉक्टर गाठावा. आणि कुणी चमत्कार हातात देऊन नाचायला सांगितलं, तर तो आधी खाली ठेवावा आणि स्वस्थ बसून नीट बघावा.