कोंडवाड्याचा अडसर

घोटावड्याचे पोलीस पाटील हैबतराव यांना राग आला की ते कागद लिहीत. राग ओसरला की त्यांना पश्चात्ताप होई, पण तोवर कागद पौडच्या पोलीस ठाण्यात पोचलेला असे. एकोणीसशे सत्तावन्न सालच्या माघात त्यांच्या हातून असाच एक कागद गेला आणि त्यानं त्यांची झोप उडवली.

झालं होतं एवढंच. शेजारच्या कोंडिबाचं दीड महिन्याचं रेडकू पाटलांच्या हरभऱ्यात शिरलं. खाल्लं काही नाही, नुसतं बागडलं. पण पाटील तापले आणि त्यांनी ते राखणदार भिकूला कोंडवाड्यात घालायला लावलं. चावडीमागच्या त्या चार दगडी भिंतींत गावची मोकाट गुरं डांबत. दंड भरल्याखेरीज जनावर सुटत नसे. इकडे रेडकाविना म्हैस पान्हा सोडेना. रेकून रेकून तिचा घसा बसला. मग कोंडिबाची नऊ वर्षांची पारू भरदुपारी उठली, घोरणाऱ्या भिकूला वळसा घालून गेली, दाराचा अडसर काढला आणि रेडकू घेऊन घरी आली. अडसर पुन्हा लावायला मात्र ती विसरली. आतली बाकीची तेरा गुरं शहाण्यासारखी आपापल्या गोठ्यात गेली.

पाटलांनी ठाण्याला लिहिलं, ‘पारू कोंडिबा हिने कोंडवाडा उघडून चौदा गुरे पळवली.’ वय लिहायचं राहिलं. एखादा शिपाई येईल, दरडावील, पोरगी चार आसवं गाळील, असा त्यांचा हिशेब. शिपाई आला तो चौदा गुरं पळवणाऱ्या बाईला धरायला, बेड्या घेऊन. पारू ओट्यावर सागरगोटे खेळत होती. त्याला पाहून म्हणाली, “बसा की. एक गडी कमीच हाय.”

शिपाई हसून परत गेला, पण कागद काही परत फिरला नाही. खटला उभा राहिला. गुन्हा शाबीत झाला तर पोरीला पुण्याला, मुलांना ठेवतात त्या सरकारी घरात पाठवतील, तिथून ती मोठी होऊनच बाहेर येईल, असं कुणीतरी सांगितलं. पारूची आई सारजाबाई चुलीपुढं बसून रडायला लागली. कोंडिबानं पाटलांशी बोलणंच टाकलं. वीस वर्षं दोघांनी एका चंचीतली तंबाखू खाल्ली होती. पाटलांना आपल्याच हाताची शरम वाटायला लागली.

ते पौडला अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाकडे धावले. कारकुनानं चष्मा पुसत सांगितलं, “पाटील, सात वर्षांच्या आतल्या पोराचा गुन्हाच धरत नाहीत. सात ते बारा असेल, तर आपण काय करतोय आणि त्यानं काय होईल हे समजायची अक्कल त्याला होती का, ते कोर्टातले मॅजिस्ट्रेट साहेब बघतात. नसली, तर गुन्हा नाही.”

पाटील आनंदानं उडालेच. पारूला अक्कल नाही एवढं दाखवलं की झालं! पंचाईत एकच होती. शाळेत पहिला नंबर तिचा, आणि मास्तरांच्या बेरजेतली चूकही तीच काढायची. तरी आठ दिवस पाटलांनी तिची शिकवणी घेतली. काहीही विचारलं तरी तोंड उघडं टाकून ‘ठावं न्हाई’ म्हणायचं. रस्त्यानं जाणारे येणारेही तिला विचारून बघायचे, “पारे, सूर्य कुटं उगवतो?” पारू दात खाऊन म्हणायची, “ठावं न्हाई!”

सुनावणीला सगळे एकाच बैलगाडीनं पौडला गेले. मूल घाबरू नये म्हणून साहेबांनी मोठ्या कोर्टात न बसता मागच्या खोलीत सतरंजी घातली होती आणि शिपायाला वर्दी उतरवून यायला सांगितलं होतं. तो बिचारा धोतरात अवघडून उभा होता.

“बाळ, तू नऊ वर्षांची ना? अडसर काढणं चूक आहे, हे तुला ठाऊक होतं?” साहेबांनी विचारलं.

पाटलांनी डोळा मारला. पारूनं तोंड उघडं टाकलं, पाटलांकडे पाहिलं आणि मिटलं.

“ठावं हुतं,” ती म्हणाली. “म्हून तर भिकूमामा झोपल्यावर गेले.”

शिपाई फिसकन हसला.

“म्हणजे तुला पुरती समज आहे,” साहेब टाक उचलत म्हणाले.

“मला हाय. रेडकाला न्हाई. तुमी माझं वय इचारलं, अक्कल इचारली. दीड महिन्याच्या लेकराला कोंडताना त्येला कुणी काय इचारलं? आत पाणीबी न्हवतं.”

साहेबांचा टाक दौतीत बुडाला. तो कागदावर टेकला की पोर गेली, एवढंच पाटलांना दिसत होतं. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

“साहेब, थांबा. त्या कोंडवाड्यात माझाबी खोंड हुता. दार उघडं म्हून तो घरी आला. म्या दंड न भरता गुपचूप दावणीला बांधला आन् मंग हा कागद लिवला. मी छप्पन्न वर्सांचा हाय. मला समज हुती. पुण्याला धाडायचं तर आधी मला धाडा.”

कोंडिबा चमकून त्यांच्याकडे बघत राहिला. साहेबांनी टाक खाली ठेवला. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग ते खळखळून हसले.

“गुन्हा झाला आहे, समजून झाला आहे,” ते म्हणाले. “पण मुलांचा कायदा शिक्षेसाठी नाही, वळण लावण्यासाठी आहे. मुलीला ताकीद देऊन आईबापांच्या हवाली करतो. वळणाची गरज दुसऱ्याच कुणाला दिसते.”

परतताना गाडी कोंडिबा हाकत होता. त्यानं पुढं बघतच हात मागं केला. “पाटील, चंची आणा.” पाटलांना ती नीट सोडताही येईना, डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवघ्या गावानं पाहिलं. पाटील स्वतःच्या खोंडाला दोरीनं ओढत कोंडवाड्याकडे निघाले होते. दारात पारू पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिनं बादली आत ठेवली, खोंडाला पाणी पाजलं, पाटलांना बाहेर येऊ दिलं आणि म्हणाली, “तात्या, अडसर नीट लावा. न्हाईतर कोणबी काढंल.”

पाटलांनी तो लावला आणि दोनदा हलवून बघितला.