शिट्टीमहाराजांच्या मंत्राचं वजन

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमधून निघालेली रांग जिना उतरून, औषधांच्या दुकानाला वळसा घालून थेट बसथांब्यापर्यंत गेली होती. रांगेतल्या बहुतेकांच्या मुठीत कुकरची शिट्टी होती. म्हणजे झाकणावर बसवतो ना, ते वजन. कुणी ती रुमालात बांधून आणलेली, कुणी दागिन्यांच्या डबीत. बसची वाट बघणारा एक परका माणूस चुकून त्याच रांगेत उभा राहिला, तर मागच्या बाईंनी त्याला दरडावलं, "तुमची शिट्टी कुठाय?" बिचारा बस सोडून पळाला.

मी म्हणते, माणसानं कशाकशापुढे म्हणून हात जोडावेत! पण रांगेत मीही होते, आणि माझ्यापुढे माझी थोरली नणंद होती, नवं पातळ नेसून. आज शिट्टीमहाराज निष्ठावान भक्त म्हणून तिचा सत्कार करणार होते.

हे महाराज उन्हाळ्याच्या तोंडावर गावात उगवले. दाढी पांढरी, आवाज तुपात घोळलेला. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका भांड्यात मावणारं. "माते, शिट्टी म्हणजे काय? कुकरचा क्रोध! ज्या घरात कुकर किंचाळतो, त्या घरात माणसंही किंचाळतात." हे ऐकून हॉलमधल्या बायका नवऱ्यांकडे बघायच्या, नवरे छताकडे.

उपाय सोपा होता. आपली शिट्टी आज द्यायची. शिष्य विचारणार, "कुकरचं घराणं कुठलं?" आपण कंपनीचं नाव सांगायचं. रात्रभर ती महाराजांच्या उशाशी राहणार, आणि दुसऱ्या दिवशी राख फासून परत मिळणार. हातात ठेवताना महाराज डोळे मिटून विचारत, "जड लागते ना? शक्ती उतरली!"

आणि खरंच जड लागायची हो. कुकर खरंच गप्प बसायचा. कडकडीत वाळलेले वाटाणे निम्म्या वेळात लोण्यासारखे शिजायचे. थापाड्या माणसाची थाप उघड पाडणं सोपं, पण इथे वाटाणे साक्षीला होते, आणि वाटाण्यांशी भांडणार कोण?

नियम दोनच. एक, मंतरलेली शिट्टी तराजूवर ठेवायची नाही. "शक्ती मोजली की उडते!" दोन, शिट्ट्या मोजायच्या नाहीत, कारण त्या होणारच नाहीत. त्याऐवजी 'वाफ राहो पोटात, शब्द राहो ओठात, महाराजांची कृपा राहो आमच्या ताटात' असं म्हणत एक माळ ओढायची आणि गॅस बंद करायचा. मध्यंतरी दोन-तीन घरांत कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि डाळ छताला चिकटली. तेव्हा महाराज किंचितही डगमगले नाहीत. "व्हॉल्व्ह म्हणजे अश्रद्धेचं भोक," ते म्हणाले, आणि ते भोक बुजवायला प्रत्येकाला पितळेचा एक बोल्ट दिला. त्याचं नाव 'कवच'.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कवचाचं ऐकलं आणि मला आधी आमचा तळमजला आठवला. आमच्या घराच्या तळमजल्यावर वन्संचं पाळणाघर आहे. स्वयंपाकघर आणि मुलांची खोली यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत. तिच्या एका बाजूला वन्संचा तो भला मोठा कुकर, आणि दुसऱ्या बाजूला गावभरची चिमुरडी पोरं ठोकळे रचत बसलेली.

"वन्सं, ती शिट्टी एकदा मला तपासू द्या," मी म्हटलं.

"तपासायला ती काय तुझ्या वर्गातली पोर आहे, मास्तरीणबाई?"

"अहो, पण बाहेर नाही आली तर वाफ जाणार कुठे?"

"जायला कशाला हवी? राहू दे की घरात. माझं काही खात नाही ती."

"आणि व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट?"

"तुला पुस्तकातलं कळतं, मला चुलीपुढचं कळतं. पूर्वी जेवायला उशीर झाला की पोरं रडून आकांत करायची. आता वेळेत पानं वाढून होतात, वर धाकट्यांना मांडीवर घ्यायला फुरसत मिळते. तुझं विज्ञान येतं का त्यांना थोपटायला?"

बाई खोटं बोलत नव्हती. आमचे हे छापखान्यात रात्रपाळीला असतात. नणंद-भावजयीची जुंपली की त्यांना नेमकी गाढ झोप लागते.

तेव्हा मी ठरवलं, काट्यानं काटा काढायचा. घरात एक जादा शिट्टी पडली होती. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या वजनकाट्यावर मी ती आधी तोलली, आणि शहाण्या सुनेसारखी जाऊन महाराजांच्या शिष्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि वन्संचा सत्कारही. पर्समध्ये मी तोच वजनकाटा घेतला, वर रुमाल झाकला, आणि मनातल्या मनात भाषणाची उजळणी करत निघाले. पोरांवर लक्ष ठेवायला ह्यांना बसवलं होतं. निघताना वन्संनी चपला घालता घालता सांगितलं, "बाळ्या, कुकर लावलाय. नेहमीसारखा बंद कर हं."

"हो ताई," म्हणून बाळ्यांनी जांभई दिली.

हॉल गच्च भरला होता. मंचावर शेगडी, शेगडीवर महाराजांचा चकचकीत कुकर, आणि त्याच्या झाकणावर घड्याळाएवढा दाबमापक. कुकर तापत होता तरी काटा हिरव्या पट्ट्यावर ठाम.

"बघा, बघा त्या काट्याकडे!" महाराज गर्जले. "आत तुफान, बाहेर शांती! लोखंड नतमस्तक झालं, माणूस कधी होणार?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मग नावं पुकारून शिट्ट्या वाटायला लागले. माझी शिट्टी माझ्या हातावर पडली, आणि मी तिथेच, मंचाच्या कडेवर, वजनकाटा काढून ती त्यावर ठेवली. हॉलमध्ये एकदम "अगं बाई!" झालं. शिष्य धावला, पण मी आकडा वाचला होता.

"ऐका सगळे!" मी मोठ्यानं म्हटलं. "काल दिली तेव्हापेक्षा ही शिट्टी तिप्पट जड झालीय!"

मला वाटलं, आता बार उडेल. उडालाही, पण माझाच. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "ऐकलंत? शाळेच्या यंत्रानंही मान्य केलं! शक्ती तिप्पट उतरली! आणि मोजूनही उडाली नाही, इतका या भगिनीचा भाव शुद्ध!" लोकांनी माझ्यावर फुलं टाकली. एका आजीबाईंनी तर माझ्या पाया पडायला वाकून बघितलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच! कानशिलं तापली माझी. पाठ केलेलं भाषण पार विसरले.

तेवढ्यात सत्काराची वेळ झाली. वन्संना मंचावर बोलावलं. महाराजांनी आपल्या कुकरखालचा गॅस बंद केला, पाणी ओतून तो थंड केला, झाकण उघडलं आणि शिजलेल्या वाटाण्यांची वाटी भरून वन्संपुढे धरली. झाकण दुसऱ्या हातात तसंच लोंबत होतं.

वन्संनी वाटी घेतली नाही. त्या झाकणाकडे बघत राहिल्या. आयुष्यभर कुकर उघडत आलेली बाई ती. दर वेळी आधी वाफ गेली का बघायची, मग झाकणाला हात लावायचा, ही तिची सवय.

"महाराज," त्या म्हणाल्या, "झाकण तर तुमच्या हातात आहे."

"हो माते."

"मग काटा कुठली वाफ दाखवतोय?"

सगळा हॉल त्या काट्याकडे बघायला लागला. झाकण हवेत, खाली ना कुकर ना वाफ, आणि काटा आपला हिरव्या पट्ट्यावर, मघाशी होता तिथेच. वन्संनी बोटाच्या नखानं काच ठोकली. ढिम्म.

"ही... ही उरलेली शांती आहे," महाराज पुटपुटले.

"शांती कसली? चिकटवलाय हो काटा!" वन्सं ओरडल्या. "म्हणजे आत किती वाफ होती ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं?"

आता माझी जीभ सुटली. मी माझ्या शिट्टीची काळी टोपी पिरगाळली. ती सहज निघाली, आणि आतल्या पोकळीत ओतलेली राखाडी गाठ मंचावर खणकन पडली. शिसं! मी ती उचलून सगळ्यांना दाखवली. "ही तुमची शक्ती! शिट्टी हलकी असली की वाफ तिला उचलते आणि जादा दाब बाहेर जातो. शिट्टीचा आवाज हा कुकरचा राग नाही, तो त्याचा श्वास आहे. ही जड शिट्टी तो श्वास कोंडते. दाब वाढला की पाणी जास्त तापतं, म्हणून वाटाणे लवकर शिजतात. मंत्र नाही, कोंडलेली वाफ! आणि कंटाळून ती व्हॉल्व्हमधून निघाली असती, तर तिथे महाराजांनी बोल्ट ठोकलाय. म्हणून माळ संपली की गॅस बंद करायला लावतात. कुणी जरा उशीर केला तर..."

मी मध्येच थांबले. वन्संचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाळ्याला माळेचं कुठे ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या.

मी घरी फोन लावला, तर आधी लागेना. शेवटी लागला. स्पीकरवर आधी पोरांचा कल्ला ऐकू आला, मग ह्यांचा झोपाळू आवाज. "काय गं?"

"कुकर बंद केलात का?"

"कसा करणार? अजून एकही शिट्टी झाली नाही. आपण वर तीन शिट्ट्यांना बंद करतो ना? वाट बघतोय केव्हाची. शेवटी आत्ताच गॅस मोठा केला."

वन्संनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "बाळ्या, नीट ऐक. स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस! सगळ्या पोरांना अंगणात काढ. खेळ आहे म्हण, काहीही म्हण. एकूण एक पोर बाहेर घे, आणि मग बाहेर ठेवलेली गॅसची टाकी बंद कर."

"झालं काय पण?"

"नंतर विचार रे, राजा! आधी पोरं!"

मग आम्ही नुसतं ऐकत राहिलो. ह्यांचा आवाज: "चला चला, कोण आधी झाडाला शिवतो!" धावणारी पावलं. कुणीतरी रडलं, कुणीतरी हसलं. वन्सं एकेका पोराचा आवाज ओळखत बोटं मिटत होत्या, आणि मी त्यांचा दुसरा हात घट्ट धरला होता. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी लोखंडी खिटी करकरली. "टाकी बंद. सगळे बाहेर आहेत, ताई. स्वयंपाकघरातून कसला तरी कुईकुई आवाज येतोय."

"येऊ दे. कुणी आत जायचं नाही," म्हणून वन्सं मंचावरच मटकन खाली बसल्या आणि भोकाड पसरून रडल्या.

मग मागून एक बाई फोन कानाला लावून ओरडली, "अगं, गॅस बंद कर! का काय? आधी बंद कर!" तिच्या शेजारचा ओरडला, "आई, कुकरजवळ जाऊ नकोस!" बघता बघता सगळा हॉल आपापल्या घरी फोन लावत सुटला. आजीबाई फोन उलटा धरून सुनेला हाका मारत होत्या. महाराज दोन्ही हात उभारून "शांतता, शांतता!" करत होते, पण त्या दिवशी त्यांच्या शांततेला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ते मागच्या जिन्यानं निघाले, तर तिथे फर्निचरवाला उभा. त्याच्या बायकोनंही शिट्टी महाराजांकडूनच मंतरून आणलेली. पोलीस येईपर्यंत त्यानं महाराजांना एका नव्या कपाटात बसवून ठेवलं, दार उघडं ठेवून. श्वास कोंडू नये म्हणून!

दुसऱ्या दिवशी वन्संचा कुकर पार थंड झाल्यावर आम्ही उघडला. झाकण मधोमध फुगलं होतं आणि कडी वाकली होती. वन्संनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, चुकलं माझं. तू सांगत होतीस."

"मी नुसतं सांगत होते," मी म्हटलं. "पाहिलंत तुम्ही."

आता दर शनिवारी आम्ही दोघी शाळेच्या पटांगणात टेबल मांडतो. लोक शिट्ट्या आणतात, आम्ही त्याच कंपनीच्या कोऱ्या शिट्टीशेजारी तोलतो. दाबमापक असेल तर आधी बघतो, कुकर उघडा असताना काटा शून्यावर येतो का. मग तो खात्रीच्या मापकाबरोबर एकाच नळीला जोडून, तिच्यात हवा भरून, दोघांचे आकडे जुळतात का ते. हे सगळं करायला चहा पिण्याइतका वेळ लागतो. परवा एकानं दबकत विचारलं, "पण मोजल्यानं खरंच काही उडत नाही ना?" वन्सं म्हणाल्या, "उडते ना. थाप उडते."

वाचणाऱ्यांनो, मी तुम्हाला देव सोडा म्हणत नाही, कुणाशी भांडा म्हणत नाही. एवढंच म्हणते, की 'मोजू नका, तपासू नका' असं कुणी सांगितलं तर त्याच दिवशी मोजा, त्याच दिवशी तपासा. ज्याचं खरं आहे त्याला तराजूचं भय नसतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कुणी ना कुणी खेळत असतं, झोपलेलं असतं, जेवणाची वाट बघत असतं. बिघडलेली शिट्टी बाजारात नवी मिळते. पलीकडची माणसं मिळत नाहीत.