मधली रेघ

वर्ला डीकमनच्या पत्राला अर्डिसने उत्तर दिलं नव्हतं. मका पेरताना आलेलं पत्र. आता मका गुडघ्याच्या वर गेला होता. वर्लाने लिहिलं होतं, ‘डेमॉइनमध्ये बायकांचा बास्केटबॉल संघ निघतोय. पगार देऊन खेळवणार आहेत. मला घेतलंय. शाळेत मला सुखानं बास्केट करू न देणारी एकच मुलगी होती, ती तू. ऑगस्टमध्ये बाकीच्यांची निवड आहे. ये.’

आणि आज, रविवारी, चर्च आटोपल्यावर अर्डिस शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये चेंडू घेऊन मधल्या रेघेवर उभी होती. पाय पुढे जात नव्हते.

‘‘थांबलीस का?’’ तिचे जुने कोच मिस्टर ट्वेट बाकावरून ओरडले.

‘‘सर, रेघ.’’

‘‘रेघ दिसते मला. पलीकडे काय विहीर आहे?’’

‘‘पलीकडे फॉरवर्ड असतात.’’

आयोवातल्या मुली सहा-सहा जणींनी खेळत. तिघी गार्ड रेघेच्या अलीकडे अडवायला, तिघी फॉरवर्ड पलीकडे बास्केट करायला. रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदा आपटला की पुढे द्यायचा. अर्डिस शाळेची चारही वर्षं गार्ड होती. तिच्या सामन्यांना अख्खं गाव दुकानं बंद करून येई; पण सामन्यात तिने एकदाही रिंगकडे चेंडू टाकला नव्हता. वर्लाचा संघ खेळणार त्या नव्या लीगमध्ये मात्र पाच-पाच जणी, आणि मैदान सगळं आपलं.

‘‘तिथे न्यूयॉर्कच्या पोरी येतील,’’ ती म्हणाली. ‘‘दोनदा आपटला की माझा हात आपोआप थांबतो, सर. हसतील मला.’’

‘‘हसू देत. जी हसेल तिला बास्केट करू देऊ नकोस. ते तर येतं ना?’’

‘‘ते येतं,’’ अर्डिस म्हणाली. त्यात तिला शंका नव्हती.

‘‘मग दे इकडे तो चेंडू. आता मी वर्ला. अडव.’’

म्हातारबुवा गुडघे सांभाळत, चेंडू आपटत निघाले. डावीकडे झुकायचं सोंग करून उजवीकडे वळले. पण अर्डिसचा हात आधीच तिथे होता. चेंडू तिच्याकडे आला आणि ती त्याच वेगात पळत सुटली. डोक्यावर रिंगमागची फळी दिसली, तेव्हा तिला कळलं, रेघ केव्हाच मागे पडली होती.

तिने टाकला. चेंडू फळीवरून पलीकडे गेला.

‘‘खिडकी वाचली!’’ कोच धापा टाकत म्हणाले. ‘‘पुन्हा.’’

उन्हं हॉलच्या दुसऱ्या भिंतीवर गेली, तोवर पुन्हा आणि पुन्हा. मग एकदा चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. अर्डिसने चेंडू उचलला आणि परत रेघेकडे गेली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती अंड्यांच्या कारखान्यातून तशीच पोस्टात आली, केसांवरची जाळीसुद्धा न काढता. खिडकीमागे ब्यूला होती, साठीची, गावाचं प्रत्येक पोस्टकार्ड वाचणारी. तिने अर्डिसचं कार्डही वाचलं.

‘वर्ला, येतेय. नेम अजून वाकडा आहे. तुला मात्र आजही अडवीन. अर्डिस.’

‘‘आणि अंडी कोण तपासणार?’’

‘‘मिळेल कुणीतरी, ब्यूलाकाकू.’’

‘‘अंड्यांना मिळेल गं.’’ ब्यूलाने कार्डावर तिकीट चिकटवलं, पण शिक्का उचलला नाही. ‘‘काल टाकलास म्हणे आत. ट्वेटबाई सकाळीच सांगून गेली.’’

‘‘एक गेला.’’

‘‘मीही गार्डच होते.’’ ब्यूलाने आवाज उतरवला. ‘‘कसं वाटतं गं, गेल्यावर?’’

अर्डिसने विचार केला.

‘‘आवाज छान येतो.’’

ब्यूलाने मान हलवली. मग शिक्का उचलून कार्डावर नीट, सरळ मारला आणि कार्ड डेमॉइनच्या पोत्यात टाकलं.