ऐन हदीदच्या काळ्या चिंध्या

ऐन हदीद गावात मोंजीच्या हम्मामसमोर, म्हणजे झऱ्याच्या पाण्याच्या न्हाणीघरासमोर, त्या सकाळी एवढी दाटी होती, की माझ्या ओळखीचा एक बोकड चुकून आत ढकलला गेला तो थेट दुपारी बाहेर पडला, तोही मालिश होऊन. खोटं वाटत असेल तर बोकडाला विचारा. सगळ्यांच्या माना वर होत्या. दारावर दोरी, दोरीवर काळ्याकुट्ट चिंध्या, आणि प्रत्येक चिंधी म्हणजे कुणाच्या तरी अंगातून निघालेलं विष. 'ती कोपऱ्यातली माझी,' असं फौजी शिंपी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. मुलगा बोर्डात आल्यावरही त्याची छाती एवढी फुगली नव्हती.

मोंजी परवान्याचा मालिशवाला. हात सोन्याचे, यात वाद नाही. कंबर धरलेला माणूस त्याच्याकडून सरळ चालत निघायचा. पण समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलांनी गिऱ्हाईक पळवलं, तसा त्यानं फलक रंगवला: 'साखर, संधिवात, डोकेदुखी आणि सासूची नजर, सगळं पिळून काढतो.' खाली परवान्याचा क्रमांक, टपोरा. लोकांना वाटलं, सासूच्या नजरेवर सरकारनंच शिक्का मारलाय.

मग आरोग्य खात्याचे निरीक्षक नूरी आले. नियम स्पष्ट होता. जाहिरातीत नाव, क्रमांक आणि 'मालिश' एवढंच; रोग बरा करण्याचं अक्षरही नको. मोंजीनं मुकाट्यानं फलक पुसला. नूरी चहा घेऊन गेले, आणि लगेच ही दोरी बांधली गेली. चिंध्यांवर अक्षर एकही नव्हतं. नूरी परत आले, त्यांनी नियम पुढून वाचला, मागून वाचला. चिंधीबद्दल त्यात काही नव्हतं. त्यांनी पुन्हा चहा घेतला.

आतला प्रकार असा. झऱ्याच्या कुंडात डुंबून आलेला माणूस ओलाच फरशीवर पडायचा. मोंजी चोळता चोळता पुटपुटायचा, 'येतंय, येतंय, मुळापासून येतंय,' आणि पिवळसर फडक्यानं पाठ पुसायचा. बघता बघता फडकं काळं. काही खेपांनंतर ज्या दिवशी ते पिवळंच राहील, त्या दिवशी रोग संपला.

मोंजीचा सख्खा मामा अलाला नाक्यावर बंबलोनी, म्हणजे मैद्याचे गोड वडे, तळायचा. साखरेचा जुना रोगी. गरम वडा साखरेत घोळवून दुसऱ्याला द्यायचा आणि आपण नुसती बोटं पुसायची, असा त्याचा जन्म गेला. बापाविना वाढलेल्या भाच्याला त्यानंच वाढवलं, परवान्याच्या परीक्षेला बसवलं. मामाचं फडकं पिवळं निघालं तेव्हा मोंजी त्याच्या कानात म्हणाला, की मामा, इन्सुलिनची सुई मात्र सोडू नकोस.

मामा हसला. 'का रे? तुझ्या हातावर तुझाच विश्वास नाही?'

बाहेर रांग ऐकत होती. मोंजीनं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मामानं सुई सोडली आणि बंबलोनी धरली. एक दिवस कढईशेजारीच कोसळला. साखरेनं बधिर झालेल्या पायावर कधीतरी उकळतं तेल सांडलेलं त्याला कळलंही नव्हतं. जखम चिघळली होती. दवाखान्यात डॉक्टर रौदानं जीव वाचवला, पण पायाची दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर मामा तिची समजूत काढू लागला, की माझंच काही चुकलं असेल, फडकं तर पिवळं होतं. मोंजी दारात उभा होता. त्याचं पाऊल आत पडेना.

रौदा उठली आणि हम्मामवर गेली. मोंजी तिच्यामागे, मान खाली. तिनं मोंजीकडून त्याचं एक कोरं पिवळसर फडकं मागून घेतलं आणि दारातली पायरी पुसली, जिच्यावरून कुंडाचं पाणी वाहत असतं. फडकं काळं.

'पायरीलाही साखर झाली वाटतं,' ती म्हणाली.

'होणारच,' फौजी म्हणाला. 'रोगी काय थोडे बसलेत तिच्यावर?'

माना डोलल्या. रौदानं कपाळाला हात लावला. तेव्हा मोंजी पुढे आला.

'डाळिंबाच्या साली उकळतो,' तो म्हणाला. 'त्या पाण्यात फडकी भिजवून वाळवतो. आपल्या झऱ्यात लोह आहे. सालीचा तुरटपणा आणि लोह एकत्र आले की काळं होतं. झऱ्याच्या पाण्याचा चहा शाईसारखा होतो म्हणून तुमच्या बायका नळाचं पाणी घेतात ना? तेच हे. शेवटच्या खेपेला मी आधी नळाच्या पाण्यानं अंग धुऊन काढायचो, म्हणून पिवळं.'

आता याला तुडवतात, असं मला वाटलं. फौजीनं सुस्कारा सोडला. 'बघा, एवढा सिद्धपुरुष, पण किती नम्र.'

मोंजी तिथंच पायरीवर बसला. 'नम्र नाही रे. मला ठाऊक होतं. मामाची बोटं मी खाल्ली.'

मग मात्र रांग हळूहळू विरली. फौजी तेवढा रेंगाळला आणि रौदाला खालच्या आवाजात विचारू लागला, की सुई सोडलेल्या माणसानं आता काय करावं. त्याचा एक मित्र आहे. ती म्हणाली, मित्राला घेऊन आत्ताच चल.

नूरींनी वरिष्ठांना लिहून नियमात एक ओळ वाढवून घेतली: लिहिलेलं असो वा टांगलेलं, रोग जातो असं भासवणारी प्रत्येक गोष्ट जाहिरातच. मोंजीचा परवाना काही काळ जप्त झाला. तो रोज मामाकडे जातो, फुकट खांदे चोळतो. मामा डोळे मिटून म्हणतो, बरं वाटतंय रे. मोंजी म्हणतो, वाटेल, पण साखर नाही जायची. सुई घेतलीस का? हे तो आता शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं म्हणतो.

बाबांनो, अंग खुशाल चोळून घ्या, सुखाची गोष्ट आहे. पण रोग गेला की नाही हे रक्त तपासून ठरवा. आणि औषध सोडू नका ही गोष्ट जो तुमच्या फक्त कानात सांगतो, त्याच्यापुढे पालथं पडण्याआधी त्याला ती चारचौघांत म्हणायला लावा.