आपणहून वाजलेला पत्रा

मी एक जुना पन्हाळी पत्रा आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मित्रांनो, मी क्यूबा पाहून आलो आहे. तरुणपणी सेल्विनच्या खुराड्यावर होतो. तेव्हा इतका चकचकीत होतो, की चंद्र माझ्यात पाहून भांग पाडायचा. एका चक्रीवादळात उडालो, समुद्रावरून तरंगत गेलो, तिकडच्या एका बोकडाला तासभर सावली दिली, आणि वारा फिरला तसा उलटपावली किंग्स्टनला परत आलो. येताना पाठीवर झोपलेला एक बगळाही आणला. तो आज दिसत नाही, कारण तो जागा झाला.

परत आल्यावर सेल्विनने मला आपल्या अंगणाच्या कुंपणात ठोकलं. त्या अंगणात दर रविवारी रेगेची मैफल व्हायची. माझं काम काय, तर मार खाणं. गाणं काळजाला भिडलं की इथली माणसं टाळ्या वाजवत बसत नाहीत. ती पत्र्यावर थापा मारतात, दणादण. पत्रा वाजला की सेल्विन हात वर करतो, चालू गाणं तिथेच तुटतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. गायकाला याहून मोठा मान नाही. माझ्या अंगावरचा एकेक पोचा म्हणजे एकेक शाबासकी आहे. त्यातले निम्मे एकट्या एझेकिएल टुलॉकचे. तो गायला लागला की ढोलाचे ठोके जमिनीतून माझ्या खिळ्यांत चढायचे, आणि मला वाटायचं, आपण पत्रा नाही, पाणी आहोत, आणि कुणीतरी दुरून एक खडा टाकला आहे.

टुलॉकांच्या घरात मूल रडलं तरी सुरात रडतं, असं गल्ली म्हणायची. त्याच घरातली जॅसिंथ, एझेकिएलची नात. वीस वर्षांची. आजोबा गेले आणि त्यांची गाणी तिच्या गळ्यात आली. ती म्हटली की पत्रा वाजायचा. स्वतःचं गाणं म्हटलं की लोक मासे घ्यायला उठायचे.

मासे तळायची तिची अर्निस आत्या, माझ्या पलीकडे, गल्लीच्या बाजूला. या आत्याने तीस वर्षं बापाच्या, म्हणजे एझेकिएलच्या, मागे उभं राहून साथीचा दुसरा सूर धरला होता. तबकडीवर तिचं नाव कधी आलं नाही. तिने जॅसिंथसाठी मोंटेगो बेच्या एका हॉटेलात काम ठरवून ठेवलं होतं. पाहुण्यांसमोर रोज संध्याकाळी आजोबांची गाणी म्हणायची.

"पगार आहे, पंखा आहे, दोन वेळचं जेवण आहे," आत्या म्हणाली. "आणखी काय सोन्याचा नारळ हवाय?"

"आत्या, तिथं आजोबांची टोपी घालून उभं राहायचंय. मग टोपीलाच पाठव की."

"टोपीला गळा असता तर तुझी मनधरणी केली नसती."

"माझी गाणी कोण म्हणणार मग?"

आत्याने मासा उलटला. "या रविवारी म्हण तुझं. पत्रा वाजला तर मी तोंड उघडणार नाही. नाही वाजला तर सोमवारची बस. कबूल?"

"कबूल," जॅसिंथ म्हणाली, पण तिचा आवाज पापडासारखा कोरडा पडला होता.

रविवार आला. ऊन नीरफणसाच्या पानांतून गळत होतं, आणि अंगण कसं मधात बुडाल्यासारखं दिसत होतं. जॅसिंथने आधी आजोबांचं गाणं धरलं. मला इतका मार बसला की ते तीनदा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

"आता चौथ्यांदा तेच घे," सेल्विन तिच्या कानाशी म्हणाला. "लोक खूश आहेत, कशाला चुलीत पाणी ओततेस?"

तिने मान हलवली आणि स्वतःचं सुरू केलं. गाणं संथ होतं. पहाटे बंदरावरून मासळीचं टोपलं डोक्यावर घेऊन येणारी एक बाई, आणि चालता चालता ती गुणगुणते तो दुसरा सूर. पहिला सूर कुठेच नाही, फक्त दुसरा. लोक हात बांधून उभे राहिले. पहिलं कडवं संपलं, कुणी हलेना. दुसरं अर्ध्यावर आलं. एक जण जांभई द्यायच्या बेतात होता. जॅसिंथचे डोळे माझ्यावर खिळले होते, आणि मला त्या डोळ्यांत सोमवारची बस दिसत होती.

आता ऐका. पान हलत नव्हतं, वारा नव्हता, कुणाचा हात माझ्याजवळ नव्हता. मी खिळे दातांत धरले, अंग झटकलं आणि आपणहून वाजलो. धडाम. सगळं अंगण दचकलं. मग एक तळवा माझ्यावर पडला, मग दुसरा, मग पावसासारखे तळवे. सेल्विनचा हात वर गेला. ते गाणं पहिल्यापासून सुरू झालं, आणि सोमवारची बस एक जागा रिकामी ठेवून गेली.

सहा वर्षं झाली. तिची गाणी आता मी न पाहिलेल्या देशांत वाजतात. ती पाहा, तुमच्या मागेच गिटारच्या तारा लावत बसली आहे. मी मात्र गंजलो, आणि सेल्विन माझ्या जागी विटांची भिंत घालतो म्हणतो. मित्रांनो, भिंतीवर थाप मारून पाहा, आपलाच हात दुखतो. जुन्या पत्र्याला जपा. आणि नव्या गळ्याला पहिली थाप द्यायला शेजारच्याची वाट पाहू नका. प्रत्येक वेळी माझ्यासारखा आपणहून वाजणारा पत्रा काही जवळ—

"आपणहून?" माझ्या पलीकडून अर्निस आत्याचा आवाज आला. "ए गंजक्या, क्यूबाला गेलास, बगळा आणलास, मी हूं की चूं केलं नाही. पण हे नाही चालायचं. तापल्या तेलातून झारा काढून दिला होता तुला ठेवून. त्याचा दांडा अजून वाकडा आहे."

तारा लावणारे हात थांबले.

"आत्या," जॅसिंथ म्हणाली, "तू तर सांगितलं होतंस, त्या वेळी तू बर्फ आणायला गेली होतीस."