गलबताचं नाणं

हरिभाऊ चुरींचा हिशेब सरळ होता. दोन हजार वर्षांपूर्वी रोमात सत्तेसाठी भाऊबंदकी पेटली तेव्हा ज्याने त्याने आपल्या फौजेला वाटायला चांदीची नाणी पाडली. नेमकी तीच जमवायचा नाद या केळीच्या बागायतदाराला होता. सीझरचं होतं, पॉम्पीच्या पोराचं होतं. अँटनीचं, एका बाजूला गलबत अन् दुसऱ्या बाजूला गरुड असलेलं, तेवढं नव्हतं. ते मिळालं की त्यांना पाठीमागे 'केळीवाले' म्हणणाऱ्या मुंबईच्या नाणेवाल्यांची तोंडं बंद होणार होती.

एकोणीसशे बावन्न साली ते दिसलं अर्नाळ्याला, डेल्फिन नावाच्या ख्रिस्ती कोळणीच्या घरी, मारियामातेच्या तसबिरीला टांगलेलं. गलबत म्हणजे संत पेत्राची होडी, पक्षी म्हणजे पवित्र आत्मा, असं मानून तिच्या सासूने त्याला कडी लावून घेतली होती. डेल्फिनचा नवरा मार्सेल ते गळ्यात बांधून समुद्रावर जाई. गेल्या साली होडी उलटली, त्याच्यासकट सगळे बुडाले.

हरिभाऊंनी आपल्या बागेतल्या केळ्यांच्या सुकेळ्यांचा पुडा पुढे केला, किंमत बोलले, मग वाढवली.

"इकायची वस्तू हाय का ती, भाऊ? बाकीच्यांची मढी पन नाय गावली. माजा मार्सेल किनाऱ्याला लागला तो हिच्यामुलं."

हरिभाऊंना नको ते सुचलं.

"बाय, ही पेत्राची होडी नव्हे. हा रोमन शिपायांचा पगार. तुमच्या देवाला क्रुसावर चढवलं त्यांचा. त्याला पकडून द्यायला ज्युदासने घेतली ती तीस नाणी असलीच."

नाणं त्या क्रुसाच्या साठेक वर्षं आधीचं, हे त्यांना पाठ होतं. त्यांना वाटलं, बाई जरा बिचकेल, सौदा जमेल.

डेल्फिन तसबिरीपाशी गेली.

"त्या दिशी दोरा मीच बांदला होता त्याच्या गल्यात."

तिने पदराच्या टोकाने नाणं काढलं अन् त्यांच्या हातावर टाकलं. "न्या. पैसे नकोत याचे."

"तसं नव्हे, बाय! हे तुमच्या देवाच्या जन्माआधीचं. त्याचा याचा काही संबंध नाही."

"आता माजी समजूत नका काढू, भाऊ. खरं बोललात, उपकार झाले."

सुकेळ्यांचा पुडाही तिने परत दिला.

मुंबईत मंडळींनी नाणं भिंगाखाली धरलं, वाहवा केली, विचारलं, "कितीला पडलं हो?"

"फुकट," हरिभाऊ टेबलाकडे बघत म्हणाले.

खोटं नव्हतं. त्यांची दमडी गेली नाही. भरलं ते डेल्फिनने: नवरा आधीच गेला होता, आता त्याला आपणच बुडवलं हेही तिच्याच अंगावर पडलं.